दोन पूर्णांक तीन

अकोले, ९ डिसेंबर २०२४

दाजी,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. आठ वर्षांत मी तुम्हाला किती फोन केले, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्यावरून भांडायला बसलो तर पत्र इथंच संपेल, म्हणून तो विषय सोडतो.

परवा अक्काचा फोन आला होता. तुमची तब्येत उतरली आहे म्हणाली. शेवगावात तुषारनं सगळं केलंय, वरच्या मजल्यावर वेगळी खोली दिली, सूनही चांगली आहे, पण तुम्ही दिवसभर दाराकडे तोंड करून बसता. अक्का म्हणाली, "कल्याण, ह्यांचा जीव खडकदऱ्यात अडकलाय. पण कोन्त्या तोंडानं जाऊ म्हनत्यात. तू बोल गावाशी. तुजं ऐकत्याल." मी हो म्हणालो. बहिणीला नाही म्हणायची माझी टाप नाही, हे तुम्ही लग्नाच्या दिवसापासून ओळखून आहात.

तर मी बोलेन गावाशी. सरपंच आदिनाथला मी ओळखतो. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आहे, त्यात विषय काढतो. रेश्मा गेली त्याला आठ वर्षं झाली, आता लोकांनीही सोडून द्यायला हवं.

दाजी, तुम्ही मनाला फार लावून घेतलंत, असं मला पहिल्यापासून वाटत आलंय. भूकंपाचं गणित असं की कुणालाच पक्कं सांगता येत नाही. पहिला धक्का मोठा की त्याच्यामागून येणारा मोठा, हे दुसरा येऊन गेल्यावरच कळतं. तुम्हाला आठवतं का, मी भूकंपमापन केंद्रावर नवीन लागलो तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, "का रं कल्याण, तुजा भूकंप मोजत्यात कशात? किलोत का लिटरात?" मी तुम्हाला ड्रमवर गुंडाळलेला कागद दाखवला होता. पेन सरळ रेघ ओढत बसलेलं असतं, जमीन हलली की ते डावी-उजवीकडे झोके घेतं. झोका किती मिलिमीटरचा, ते पट्टीनं मोजायचं. पहिली लाट आणि दुसरी लाट यांच्यात किती सेकंद गेले ते मोजलं की भूकंप किती लांब झाला ते कळतं. दोन्ही मिळून आकडा येतो. तुम्ही अर्धा तास बघत उभे राहिलात आणि म्हणालात, यापेक्षा आमची नळाची मोटर बरी, तिला तरी आवाज आहे.

आकडा एक असतो, पण हादरा गावागावाला वेगळा बसतो. धरणाजवळ खडकावर माणसाला कळतही नाही आणि तुमच्या खडकदऱ्यात मांडणीवरची भांडी खाली येतात. दगड-मातीच्या भिंती, त्यात ऑगस्टचं पाणी मुरलेलं. मग दोष कुणाला द्यायचा? मी त्या दिवशी फोनवर आकडा सांगितला, तुम्ही भोंग्यावरून तो गावाला सांगितला. "आत जा" असं मी म्हणालो होतो की नव्हतो, हे आता मलाही नीट आठवत नाही. खूप वर्षं झाली.

औषधं वेळेवर घ्या. अक्काला सांगा, तिच्यासाठी हातसडीचा तांदूळ काढून ठेवलाय, कुणी येणारं मिळालं की पाठवतो.

तुमचा,
कल्याण


अकोले, २२ डिसेंबर

दाजी,

अक्काचा फोन आला. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि एवढंच म्हणालात म्हणे, "त्याला इचार, खरा किती हुता?"

मी फोन ठेवला आणि जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसलो. तुमच्या बायकोचा भाऊ असाच आहे, आतून हललं की बाहेरच्यावर ओरडतो.

दाजी, पहिली गोष्ट. मला आठवतं. सगळं आठवतं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

अठरा ऑगस्ट, गुरुवार. अकरा वीसला धक्का बसला. अकरा पन्नासला तुमचा फोन आला. मागं पावसाचा आणि पोरांच्या रडण्याचा आवाज होता. तुम्ही म्हणालात, सगळं गाव शाळेच्या पटांगणात बसलंय, बायका-पोरं भिजतायत, भिंतींना बारीक चिरा दिसतायत, काय करू? मी कागद उतरवून झोका मोजलेलाच होता. मी म्हणालो, "दाजी, दोन पूर्णांक तीन. काही नाही त्यात. लोकांना घरात जाऊ द्या, जेवणं करून घ्या." तुम्ही पुन्हा विचारलंत, नक्की ना? मी हसलो. म्हणालो, तेवीस वर्षं मी काय इथं गोट्या खेळतोय का?

बारा वाजता तुम्ही पंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलंत. गावाला तुमचा आवाज ऐकायची सवय. नळाला पाणी कधी येणार, पोलिओचा डोस कधी, रेशनचा तांदूळ आला की नाही, शिपाई म्हणून सगळं तुम्हीच सांगायचा. लोक उठले आणि घरात गेले. एक बावन्नला दुसरा धक्का बसला. छबूबाईची सून रेश्मा भाकरी करत होती, तिच्यावर पाठीमागची भिंत आली. चोवीस वर्षांची होती.

दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण मी ती स्वतःच्या हातानं कधी लिहिलेली नाही. तीन दिवसांनी चौकशीला साहेब आले, पंचायतीत सगळे बसले होते, तुम्ही कोपऱ्यात उभे होतात. त्यांनी मला विचारलं, लोकांना आत जायला तुम्ही सांगितलं का? मी म्हणालो, "मी फक्त आकडा सांगितला. सल्ला देण्याचा मला अधिकार नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्ही म्हणालात, न्हाई साहेब, ह्यानंच सांगितलं, जेवनं करा म्हनला. आणि साहेबांनी ते लिहूनही घेतलं नाही. एकीकडे सरकारी केंद्रातला माणूस आणि एकीकडे पंचायतीचा शिपाई. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं, की सोपाननं मोठेपणासाठी पदरचं घातलं. पुढं तुम्ही नोकरी सोडलीत, घराला कुलूप लावलंत आणि शेवगावला गेलात.

मला तेव्हा वाटलं होतं, तुमचं काय जाणार आहे? दोन वर्षांनी रिटायरच होणार होतात. माझी पोरगी रश्मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. मी असा हिशोब केला, दाजी. लिहिताना लाज वाटते, पण केला.

आता तुमचा प्रश्न. खरा किती होता? तीन पूर्णांक तीन.

एकानं फरक पडतो म्हणजे किती, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे एक म्हणजे एक नसतं. एकानं वाढला म्हणजे पेनचा झोका दहापट होतो आणि जमिनीतून सुटलेला जोर तीसपटीहून जास्त. दोन पूर्णांक तीनचा धक्का म्हणजे दारावरून ट्रक गेल्यासारखं. तीनच्या वर गेला आणि तो उथळ असला तर मातीच्या भिंतीचं सांगता येत नाही. माझा स्वतःचा नेम होता, तीनच्या वर आकडा गेला की ज्याचा फोन येईल त्याला सांगायचं, गवंडी भिंत बघून जाईपर्यंत बाहेर बसा. भिजा, पण बाहेर बसा. दोन पूर्णांक तीनला मी तसं कधी सांगत नसे.

आकडा चुकला कसा, ते सांगतो. पेनला जोडलेल्या यंत्राला एक बटण असतं, त्याला आम्ही गेन म्हणतो. जमिनीची हालचाल किती मोठी करून कागदावर दाखवायची, ते त्या बटणानं ठरतं. बुधवारी आमच्या केंद्रामागच्या रस्त्यावर रोलर चालू झाला होता. पेन इतकं थरथरायला लागलं की कागद काळा व्हायला आला. म्हणून मी गेन दहापट खाली आणला. रोजच्या कागदाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि गेन लिहायचा असतो, तो दर सकाळी बटण बघून लिहायचा असा नियम. मी मात्र दर सोमवारीच निवांत बसून आठवड्याचे सातही कागद एकदम भरून ठेवायचो. कित्येक वर्षांची सवय. त्या सोमवारीही झेंडावंदन करून आल्यावर तेच केलं. गुरुवारच्या कागदावर जुनाच गेन लिहिलेला होता. मी कागद बघून गणित केलं, बटण बघितलं नाही.

महिन्याभरानं वरच्या ऑफिसातून दुसऱ्या केंद्रांचे आकडे आले तेव्हा माझ्या हे लक्षात आलं. तोवर तुम्ही गाव सोडलं होतं.

कल्याण


अकोले, ५ जानेवारी २०२५

दाजी,

तुमच्याकडून काही निरोप नाही. अक्का म्हणाली, दुसरं पत्र तुम्ही तिला वाचू दिलं नाही. तुम्ही अजूनही मला सांभाळून घेताय की काय? घेऊ नका. मला ते झेपत नाही.

वरच्या ऑफिसचं पत्र आल्यावर कळलं, असं मी लिहिलं होतं. तेही खोटं. किती वेळा एकाच माणसाशी खोटं बोलायचं याला काही मर्यादा असावी, पण माझी सवय जुनी आहे.

मला त्याच दिवशी कळलं. दुसरा धक्का बसला तेव्हा मी खोलीतच होतो. पायाखाली जमीन सरकली, खिडकीची काच वाजली, भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. एवढा धक्का म्हणजे पेन दोन्ही बाजूंच्या कडांवर आपटायला हवं होतं. ते आपटलं नाही. मधल्या मधे नीटनेटके झोके घेत राहिलं. मी तिथंच उभा राहून बघत होतो आणि मला समजत होतं. मग बटणाकडे बघितलं.

तेव्हा दोन वाजत आले होते. खडकदऱ्यात काय झालं हे मला अजून कळलेलं नव्हतं. त्या क्षणी मी तुम्हाला फोन करायला पाहिजे होता, की दाजी, माझं चुकलं, सगळ्यांना बाहेर काढा. रेश्मा वाचली नसती, पण मी माणूस राहिलो असतो. मी काय केलं? मी बटण परत पहिल्या जागी फिरवलं. कुणी बघायला येण्याआधी. हात अजिबात थरथरला नाही, हे मला अजून आठवतं आणि त्याचीच जास्त भीती वाटते. अडीचला तुमचा फोन आला. मागं छबूबाईचा आक्रोश ऐकू येत होता.

पुढं ऑफिसनं लेखी विचारलं, तुमच्या केंद्राचा आकडा बाकीच्यांपेक्षा एकानं कमी का? मी उत्तर दिलं, शाई सुकल्यामुळे पेन अडकत होतं. ते मान्य झालं. दोन वर्षांनी नवीन यंत्र आलं, त्याला पेनही नाही आणि कागदही नाही. जुने कागद रद्दीत गेले. गेल्या मे महिन्यात मला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. भाषणात कुणी तरी म्हणालं, यांच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला.

तेव्हा आता तुमच्या हातात सगळं आहे. मी सव्वीस तारखेला खडकदऱ्याला जातोय. तुमच्यासाठी रदबदली करायला नाही. उभा राहून सांगणार आहे की सोपान खरं बोलत होता, आत जा असं मीच म्हणालो होतो, आणि आकडाही माझाच चुकला. बटणाचंसुद्धा सांगणार. छबूबाईसमोर सांगणार. पोलिसात द्यायचं तर देऊ देत, पेन्शन थांबवायची तर थांबवू देत. रश्मीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, जा.

मला भीती वाटते, दाजी. पण जाणार.

कल्याण


अकोले, २७ जानेवारी

दाजी,

मी जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो, मधे काही झाकत नाही. वाचून झाल्यावर पत्र फाडलंत तरी चालेल.

झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. ऐंशी-नव्वद माणसं होती. गेल्या दोन महिन्यांत पठारावर पुन्हा बारीक बारीक धक्के बसलेत, त्यामुळं लोक घाबरलेले. मला बघून आदिनाथ सरपंचाला इतका आनंद झाला की त्यानं मला खुर्ची देऊन मधोमध बसवलं. म्हणाला, साहेब स्वतःहून आलेत, आपलं भाग्य. मी म्हणालो, मला आधी बोलू द्या.

मी सगळं बोललो. बुधवारचा रोलर, गेन, सोमवारी भरून ठेवलेले कागद. फोनवर मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द. चौकशीत मी कसा फिरलो. दुसऱ्या धक्क्यानंतर बटण कसं परत फिरवलं. शेवटी म्हणालो, रेश्माच्या मरणाला मी जबाबदार आहे, सोपान नाही. त्याला तुम्ही गावातून घालवलंत ते माझ्यामुळं.

मला वाटलं, आता लोक अंगावर धावून येतील. मी तयारही होतो. मग मागच्या बाजूनं कुणी तरी टाळी वाजवली. त्याचं बघून सगळ्यांनी वाजवल्या.

दाजी, त्यांना माझं खरंच वाटलं नाही. आदिनाथ उठला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, बहिणीच्या संसारासाठी, दाजीची अब्रू राखण्यासाठी एवढा मोठा माणूस सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय, अशी नाती आता कुठं राहिलीत? मी ओरडलो, की अरे, हे खरं आहे. तो म्हणाला, साहेब, तुम्ही आत्ता गेन का काय म्हणालात ते आम्हाला कळलं नाही, पण तुमचं मन कळलं. कुणी तरी विचारलं, तसा कागद आहे का दाखवायला? कागद रद्दीत गेलाय. सरकारी दप्तरात आहे ते माझंच उत्तर, शाई सुकली होती म्हणून.

मी छबूबाईकडे गेलो. ती बायकांमध्ये पुढंच बसली होती. आता दिसत नाही तिला फारसं. मी तिच्यासमोर खाली बसलो, तिचे पाय धरले आणि पुन्हा सगळं सांगितलं, बटणाचं सोडून, कारण ते तिला काय कळणार. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "बाबा, तू भनीपायी बोलतूयस, मला समजतं. पन घरात जा म्हननारा आवाज म्या माज्या कानानं ऐकलाय. तो सोपानचा हुता."

माझा आवाज त्या दिवशी कुणीच ऐकला नव्हता. तो फक्त तुम्ही ऐकलात.

मग लोकांनी धक्क्यांचं विचारायला सुरुवात केली. घरात झोपावं का, भिंतींना काय करावं, लोखंडी खांब लावले तर चालेल का, किती आकडा आला की बाहेर पडायचं? मी म्हणालो, मला विचारू नका, माझ्यावर विश्वास ठेवू नका. ते हसले. आणि मी उत्तरं दिली, दाजी. चांगली दिली. भिंतीची चीर बोटाएवढी झाली की आत थांबायचं नाही, कुणाच्याही आकड्याची वाट बघायची नाही, असं सांगितलं. तेवढं एक त्या पटांगणात माझ्याकडून बरं झालं असेल.

चहा आला. मी घेतला.

त्यानंतर आदिनाथनं तुमचा विषय काढला. म्हणाला, साहेबांनी एवढा मोठेपणा दाखवलाय, तर आपणही दाखवू. ग्रामसेवकानं प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. मी ते तसंच इथं उतरवतो. "श्री. कल्याण यांनी भूकंपाबाबत मोलाचे मार्गदर्शन केले. त्यांच्या विनंतीस मान देऊन श्री. सोपान यांची सन २०१६ मधील चूक गावाने मोठ्या मनाने माफ केली असून त्यांना गावी येऊन राहण्यास कोणाची हरकत नाही. ठराव एकमताने मंजूर."

मी म्हणालो, असं लिहू नका. सगळे उठून उभे राहिले होते, छबूबाई हात जोडून उभी होती. आदिनाथ हळूच म्हणाला, साहेब, आता ताणू नका, नाहीतर हेही जाईल. सोपानला घरी यायचंय ना? त्यानं पेन माझ्या हातात दिलं.

कुलूप काढून घर झाडून घ्यायला त्यांनी दोन माणसं लावली आहेत. तुम्ही येऊ शकता, दाजी. ठरावाखाली सरपंचाची सही आहे, ग्रामसेवकाची आहे. तिसरी माझी आहे.

कल्याण